ग्लिसरीनले पात्र हात

कोणाचं भलं करायचं ठरलं, का पयले त्याले धरून तपासा लागते. बिना तपासणीचं भलं म्हणजे नुसती दया, अन् दयेचं ऑडिट होत नाई.

ही गोष्ट नागपुरात सगळ्यात आधी कोणाले समजली असंल, तर महाल भागातल्या विणकर हितवर्धक सोसायटीले. साल असंल त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचं. त्या हिवाळ्यात थंडी अशी कोरडी पडली होती, का माणूस हसला तर ओठ फाटे. म्हणून लोक हसतच नव्हते. (सोसायटीत तसंही कोणी हसत नसे.) ओठाचं एक वेळ चालते, पण विणकराचे हात फाटले का धंदाच फाटते. सुताले त्याचं काही वाटत नाई. सूत गरिबाघरचं, सोसून घेते. रेशीम मोठ्या घरचं. भेगाळलेल्या बोटाले लागलं का अडकते, तंतू वर येते, अन् पातळाचा काठ मांजरानं नखं मारल्यावाणी दिसते.

ईश्वरदास पौनीकराच्या मागावर त्या वक्ती तसंच रेशमी काठाचं पातळ चढलेलं होतं. काटोलच्या एका संत्रेवाल्याच्या पोरीचं लग्न होतं. संत्रेवाल्यानं साफ सांगितलं होतं, "काठ चांगला उतरला तर घरातल्या साऱ्या बायांची पातळं तुह्याच मागावर. नाई उतरला तर मिलचं घेतो, मले काय!" ईश्वरदासच्या भावांनी माग कवाच उकलून टाकले होते अन् मिलमधी लागले होते. हा एकटाच अडून बसला होता. हे पातळ हातचं गेलं तर आपलाही माग गेला, हे त्याले ठाऊक होतं. त्याच्या बायकोले, जनाबाईले, त्याच्याहून जास्त ठाऊक होतं.

"हात दाखवा बरं," ती म्हणे. "अरे बाप्पा! हे हात हायेत का खोबऱ्याची किसणी?"

नेमकं अशा वेळी सरकारनं सोसायटीले ग्लिसरीनचा पिपा पाठवला.

ग्लिसरीन ही मोठी सज्जन वस्तू आहे. रंग नाई, वास नाई, कोणाशी भांडण नाई. कातडीवर बसते, हवेतलं पाणी गुपचाप ओढून घेते, अन् आपण नरम राहून दुसऱ्याले नरम ठेवते. वरून चवीले गोड. इतके गुण एका जागी फक्त सोसायटीच्या डायरेक्टरात सापडते, अन् तेही सगळ्यात नाई.

आता अशी नवी चीज विणकराच्या हाताले सोसली नाई तर जबाबदार कोण? अध्यक्ष मनोहररावांनी तो धोका सोताच्या अंगावर घेतला. पयले हातावर घेतला, मंग टाचांवर, मंग ओठावर. बाकीचे डायरेक्टरही मांगं हटले नाई. अर्धा पिपा परीक्षणात गेला, पाव पिपा फेरपरीक्षणात, अन् उद्घाटनाले आलेल्या पाहुण्याले आठवण म्हणून एक भलामोठा शिसा भरून गेला. (पाहुण्यानं भाषणात सांगितलं, का त्याचे हात विणकरांसोबत आहेत.) उरलं ते सारं विणकराचं. त्यात कोणी हात घातला नाई.

पात्रता तपासायची रीत एकदम शास्त्रीय होती. रेशमाचा एक धागा तळहातावरून ओढायचा. अडकला तर हात फाटलेला, माणूस पात्र. सुळकन गेला तर अपात्र.

ईश्वरदासच्या हातावर धागा असा अडकला, का सोडवायले दोघं लागले.

"शाबास!" मनोहरराव म्हणाले. "क्या हात है! असा हात पायजे योजनेले."

अंगठ्याएवढी शिशी भेटली. जनाबाईनं त्यात पाणी मिसळलं, कारण नुसतं लावलं तर भेगाईत झोंबते. तिचे सोताचे हात ताण्याच्या उभ्या सुताले खळ लावून लावून त्याच्याहून जास्त फाटले होते. पण ती विणकर नव्हती. सोसायटीच्या नियमात मागावर बसते तो विणकर. सूत उकलते, कांड्या भरते, खळ लावते, ते विणकराचं कुटुंब. अन् कुटुंबाचे हात फाटत नाईत.

ग्लिसरीननं आपलं काम इमानदारीनं केलं. ईश्वरदासचे हात लोण्यावाणी झाले. रेशीम त्याच्या बोटातून असं जाऊन राहिलं, जसा फुकट जेवणारा पाहुणा लग्नाच्या मांडवात जाते, कुठंच न अडकता. अर्धं पातळ उतरलं. काठ असा, का शेजारपाजारचे पाहून जात. मंग रेशीम सरलं, अन् पुढचं रेशीम आणायले तो आपला विणकराचा पास घेऊन सोसायटीत गेला.

तिथं वरून हुकूम आलेला होता: बोगस विणकर शोधा. किराणेवाले, न्हावी, एक बँडवाला, सारे विणकराच्या पासवर रेशीम उचलून बाजारात इकत होते. खरा विणकर वळखावा कसा? मनोहरराव विचारात पडले. मंग त्यायच्या ध्यानात आलं, आपल्यापाशी शास्त्रीय रीत तयारच आहे. विणकराचा हात फाटलेला असते. फाटलेल्या हाताले धागा अडकते. म्हणून ज्याले धागा अडकत नाई, तो विणकर नाई.

ईश्वरदासच्या हातावरून धागा सुळकन गेला, अन् पास जमा झाला.

"तू विणकर नाईस गा, ईश्वरदास," मनोहरराव दुःखानं म्हणाले.

"काय बोलता साहेब! बापजाद्यापासून मागावर बसून राहिलो आम्ही."

"बसत असशील. हात नाई म्हणून राहिला."

"अवो, तुमीच त ग्लिसरीन देल्लं!"

"देल्लं. म्हणजे योजना सफल झाली. सफल झालेल्या माणसानं इथं गर्दी काहून करावी?"

"मंग संत्रेवाल्याच्या पातळाचं रेशीम?"

"हात फाडून आण, अन् घेऊन जा. आम्ही काय दुश्मन हाओ का तुहे?"

याच्यात चुकीचं काहीच नव्हतं. ईश्वरदासनं घरी जाऊन हात विटकरीनं घासले, चुन्यात बुडवले, थंड्या पाण्यात ठेवून उन्हात वाळवले. चांगले फाटले. पास वापस भेटला, रेशीम भेटलं. मागावर बसला, तर रेशीम अडकून राहिलं. वीतभर काठ खराब झाला, तो उकलता उकलता डोळ्याले पाणी आलं. मंग रीतसर ग्लिसरीनसाठी उभा राहिला. पात्र ठरला. हात नरम झाले. पास गेला. योजनेचे लाभार्थी भराभर वाढू लागले. (त्यातले बरेच ईश्वरदास होते.)

शेवटी जनाबाईच म्हणाली, "अवो, एक हात फाटका ठेवा अन् एक नरम. सायबाले फाटका दाखवा."

पण मनोहरराव चौकस माणूस. त्यायनी दोन्ही हात मागितले. एका हातावर धागा अडकला, दुसऱ्यावर सुळकन गेला. कमिटी बसली, अन् ठरलं का हा अर्धा विणकर आहे. अर्ध्या विणकराले अर्धं रेशीम.

"साहेब, पातळाले काठ दोन असते."

"पूर्ण विणकराच्या पातळाले. तू एकाचंच पाहा."

लग्न जवळ आलं. संत्रेवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला. अन् अशात तपासणीच्या जागेवर माणूस कमी पडला. झालं असं, का आधीच्या तपासणीवाल्याचीच बोटं थंडीनं फाटली होती. धागा समोरच्या हातावर नाई, त्याच्या सोताच्या बोटाले अडके, अन् त्यामुळं सारे किराणेवाले खरे विणकर ठरले. म्हणून नियम झाला, का तपासणाऱ्याचा हात नरम पायजे अन् त्याले रेशमातलं समजलं पायजे. साऱ्या महालात असा माणूस एकच होता.

ईश्वरदास खुशीत घरी आला. "जने, झालं काम! आता आपलं रेशीम आपणच मंजूर करू."

"अन् मागावर कोण बसंल?"

"तू बस. तुले येते ना सगळं."

जनाबाई मागावर बसली. तिले खरंच सगळं येत होतं. रेशीमही येत होतं, पण बोटाले अडकून. मंग ती रीतसर सोसायटीत गेली, रांगेत उभी राहिली, अन् नंबर आला तसा टेबलावर हात ठेवला. टेबलाच्या पल्याड ईश्वरदास होता. ग्लिसरीनचं परीक्षण आता त्याच्याकडंही होतं, त्यामुळं त्याचे ओठही नरम झाले होते.

"नाव?" त्यानं विचारलं.

"हे कोणतं सोंग वं बाई!" ती मांगच्या बाईले म्हणाली. मंग त्याच्याकडं वळली. "जनाबाई. तुमची बायको. रेशीम द्या अन् शिशी द्या, लग्न परवावर आलं."

त्यानं धागा ओढला. धागा अडकला. त्यानं जरा जोर लावला. धागा तुटला.

ईश्वरदासनं तुटला धागा टेबलावर ठेवला. त्याच्या मांगं मनोहरराव उभे होते.

"हात खराच फाटलेला हाये," तो म्हणाला. "पण जो हात रेशीम तोडते, त्याले रेशीम देता येत नाई. रेशीम नाई म्हणजे विणकाम नाई. विणकाम नाई म्हणजे विणकर नाई. अन् जो विणकर नाई, त्याले ग्लिसरीन..."

"समजलं," जनाबाई म्हणाली. तिनं हात उचलला. "तुमचं बोलणं किती नरम झालं हो! कुठंच अडकत नाई."

"वा!" मनोहररावांनी ईश्वरदासच्या पाठीवर हात ठेवला. "सोताच्या घरचं माणूस असूनही! पुढची येऊ दे."

संत्रेवाल्यानं मिलचं पातळ घेतलं. ईश्वरदासचा माग त्याच हप्त्यात उकलला, अन् त्याची लाकडं कामठीच्या एका चहावाल्यानं नेली.

आता तुमाले ईश्वरदासचा राग आला असंल. येऊ द्या. पण हे पुस्तक धरून तुमी इथवर आले, पानं उलटवली, अन् कागद तुमच्या बोटाले कुठंच अडकला नाई. तेवढी पात्रता पुरे हाये. सोमवारी सोसायटीत या. जनाबाईवाण्या बायांची रांग मोठी हाये, अन् एकटा ईश्वरदास किती जणींले नाई म्हणंल?