ओलाईचा पक्का कौल

एका जंगलात एक दगड होता. नुसता दगड. काळा, उभा, गव्याच्या गुडघ्याएवढा. नाक नाही, डोळे नाहीत. जनावरं त्याला ओलाई म्हणायची आणि देवी मानायची. हसू नका रे पोरांनो. तुम्ही घरी काय काय मानता ते मला ठाऊक आहे.

ओलाईजवळ एक झरा होता. सगळं जंगल त्याच्यावर जगायचं. काही वर्षी झरा उन्हाळाभर टिकायचा. काही वर्षी चैत्रातच आटायचा. आटला की आठ कोसांवरच्या नदीवर जायला लागायचं. आणि जायचं तर होळीलाच निघायला पाहिजे. तोवर वाटेत डबकी असतात. मागून निघालं की वाटेतच मरण.

मग राहायचं की निघायचं, हे होळीला ओलाईला विचारायचे.

रीत जुनी होती. गुरवपण साळिंदरांच्या घराण्यात. साळूमावशी सकाळी अंग धुवायची, पळसाची एक पाकळी झऱ्यात भिजवायची आणि दगडाच्या छातीवर लावायची. मग सगळ्यांनी गप बसायचं. ऊन डोक्यावर येईपर्यंत पाकळी टिकली, तर राहा. आधीच पडली, तर निघा. झालं. मंत्र नाही, भाषण नाही, प्रसादसुद्धा नाही.

आता तुमच्यातलं एखादं दीडशहाणं विचारेल, दगडाला काय कळतं? दगडाला काही कळत नाही. त्याचं बूड जमिनीत खोल होतं, पार झऱ्याच्या उगमापर्यंत. खाली पाणी असलं की दगडाला ओल चढायची आणि पाकळी धरून राहायची. खाली कोरडं पडलं की दगड तापायचा आणि पाकळी वाळून गळायची. एवढंच. साळूमावशीला हे माहीत नव्हतं. तिला माहीत असायची गरजही नव्हती. एकदा लावलेल्या पाकळीला ती परत हात लावत नव्हती, तेवढं पुरे होतं.

त्या जंगलात तांबी नावाची भेकरी होती. गेल्या साली कौल झाला 'निघा'. पण हिचं पाडस आजारी. ही आठ दिवस मागं राहिली आणि मग निघाली. पाडस वाटेत गेलं. यंदा होळीला ती पुन्हा गाभण होती. दिवस भरत आलेले. राहायचं की निघायचं, हे कळायची तिच्याइतकी गरज कुणालाच नव्हती. तिनं ओलाईला नवस वगैरे केला नाही. ती फक्त पुढच्या रांगेत येऊन बसली.

आणि नेमका त्याच होळीला हुप्प्या परत आला.

हुप्प्या म्हणजे वानर. जंगलाच्या कडेला माणसांचं ध्यान-शिबिराचं केंद्र होतं. दोन वर्षं तो त्याच्या छपरावर बसून त्यांची केळी खात होता आणि त्यांचं बोलणं ऐकत होता. गेला तेव्हा हुप्प्या होता. आला तेव्हा श्री हुप्पानंद होता. गळ्यात माळ, डोळे अर्धे मिटलेले. झोप लागलीय की ज्ञान झालंय, ओळखू येत नव्हतं.

"ओलाई म्हणजे दगड नव्हे," तो म्हणाला. "ओलाई म्हणजे ऊर्जा."

"असं होय!" गवा म्हणाला. गवा अंगानं मोठा होता, म्हणून सगळे त्याला दादा म्हणायचे.

"आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान माहीत होतं, दादा. ही पाकळी म्हणजे अँटेना आहे."

गव्यानं अँटेना जन्मात पाहिली नव्हती. त्यामुळं त्याला ते लगेच पटलं.

"मग कधी कधी पाकळी का पडते?" तांबीनं विचारलं.

"आपल्या नकारात्मक विचारांनी पडते. देवी आई आहे, ताई. आई लेकराला कधी नाही म्हणेल का?"

"माझी आई दिवसाला दहादा नाही म्हणायची," साळूमावशी म्हणाली. "म्हणून तर जगले."

कुणी तिकडं लक्ष दिलं नाही. हुप्पानंदानं सगळ्यांना एका नाकपुडीनं श्वास घ्यायला लावला. दोन ससे चक्कर येऊन पडले. त्यांना समाधी लागली असं ठरलं. तेवढ्यात त्यानं मावशीच्या हातातली पाकळी घेतली, गालातून काहीतरी काढलं आणि पाकळीच्या पाठीला चोळलं.

"काय लावतोस रे मेल्या?"

"आधार देतोय, मावशी. श्रद्धेला."

"डिंक आहे तो! मला काय वास येत नाही?"

"डिंकसुद्धा झाडाचाच ना? आणि झाड कुणाचं? देवीचंच!"

सगळ्यांनी माना हलवल्या. हुप्पानंदानं पाकळी दगडावर दाबून बसवली. ऊन डोक्यावर आलं. पाकळी जागची हलली नाही. डिंकाची पाकळी हलते कशाला! गव्यानं आनंदानं जमीन उकरली. ससे नाचले. राहायचं! आठ कोस चालायला नको!

तांबीलाही रडू आलं, सुखाचं. ती दर्शनाला पुढं गेली आणि दगडाला नाक टेकवलं.

दर वर्षी नाक ओलं व्हायचं. यंदा पोळलं.

ती मागं आली. "मावशी, कौल राहा म्हणतोय. पण माझं नाक नीघ म्हणतंय."

"मग नाक घेऊन नीघ. मी येते सोबत."

"आणि कौल?"

"तो हुप्प्याचा कौल आहे बाई. त्याला राहू दे इथंच."

दोघी त्याच दुपारी निघाल्या. "जाताय तर नकारात्मकता सगळी घेऊन जा बरं का!" गवा मागून ओरडला. सगळे हसले. ससे तर फार हसले.

तांबी तिसऱ्या दिवशी वाटेतच व्याली. डबकं तळाला गेलं होतं, पण होतं. दोन दिवस तिथं थांबून दोघी पाडसाला घेऊन नदीवर पोचल्या.

इकडं चैत्र संपायच्या आत झरा आटला. पाकळी पक्की होती. लालाची तपकिरी झाली, पण पडली नाही. जनावरं घाबरून झऱ्याकडं पाहायला लागली की हुप्पानंद ओरडायचा, "झऱ्याकडं काय बघता? पाकळीकडं बघा!"

सगळे पाकळीकडं बघत बसले. बघता बघता ससे गेले. मग रानडुकरं. निम्मं जंगल गेलं. हुप्पानंद म्हणाला, त्यांचा श्वास चुकत होता. मग तो एकांतात साधना करायला निघून गेला. एकांत म्हणजे तेच केंद्राचं छप्पर. तिथं पाण्याची टाकी होती. गवा झऱ्यातला चिखल चाटून कसाबसा तगला. त्याच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या.

पाऊस आला तसा हुप्पानंदही आला. झरा भरून वाहायला लागला. जनावरं पोटं टम्म होईपर्यंत प्याली. आणि ओलाईच्या छातीवरचा डिंक पाण्यानं फुगला, सुटला. पाकळी टपकन खाली पडली.

सगळ्यांनी हुप्पानंदाकडं पाहिलं.

"कौल फिरला!" हुप्पानंद ओरडला. "देवी म्हणते, निघा! नदीवर निघा!"

"पण महाराज," उरलेला एकुलता एक ससा म्हणाला, "आता तर इथं पाणी आलंय."

"झालं! आलं का परत नकारात्मक?"

ससा ओशाळला. सगळे ओळीनं निघाले. त्यांना निरोप देऊन हुप्पानंद छपराकडं गेला.

अर्ध्या वाटेत त्यांना तांबी भेटली. सोबत साळूमावशी आणि उड्या मारणारं पाडस. तिघं घरी परत चालली होती.

"दादा, कुठं?"

"नदीवर."

"अहो, नदीला पूर आलाय! आम्ही तिच्या भीतीनंच पळून आलोय. झऱ्याला पाणी नाही का आलं?"

"आलंय की. वाहतंय."

"मग?"

गव्यानं तिच्याकडं दयेनं पाहिलं. "तांबे, तुला अध्यात्मातलं काही कळत नाही."

साळूमावशीनं पाडसाला पायानं बाजूला ढकललं. "सर पोरा, वाट दे. मंडळी घाईत आहेत."

तात्पर्य: डिंक नेहमी चांगल्या प्रतीचा वापरावा. हलका डिंक पावसात सुटतो, देवाचं मत बदलतं आणि भाविकांची उगाच पायपीट होते.