मन्मथप्पा, परभणी

आमच्या गल्लीत शिडी एकच आहे आणि तिच्या प्रत्येक पायरीवर ‘मन्मथप्पा, परभणी’ असं रंगवलेलं आहे. पंखा पुसायला चढणारा माणूस मालकाचं नाव वाचत वर जातो आणि वाचतच खाली येतो. मी एकदा म्हणालो, “अप्पा, एका पायरीवर लिहिलं असतं तरी भागलं असतं की.”

“आन् कुणी मधूनच कापून नेली तर?” अप्पा म्हणाले.

मन्मथप्पा माझे शेजारी. बाजारात त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं लहानसं दुकान आहे आणि घेतलेल्या भांड्यावर नाव ते स्वतःच घालून देतात. ते नाव घालायचं मशीन कर्रर्र करायला लागलं की माझे दात आंबतात, अप्पांचा चेहरा मात्र खुलतो. घरातली बादली, छत्री, पाट, झाडूची मूठ, सगळ्यांवर त्यांचं नाव आहे. चपलांच्या तळव्यांवरही आहे, हे मला एका लग्नात कळलं. चपला सापडेनात म्हणून ते मांडवाबाहेर एकेका पाहुण्याला पाय वर करायला सांगत होते.

कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “नाव हाय का त्येच्यावर?” माझी सायकल चोरीला गेली तेव्हा त्यांनी हेच विचारलं. समोरच्या काकूंचं मांजर हरवलं तेव्हाही हेच. काकू त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

नाव घालतील, पण पुसणार नाहीत. भाऊ-भाऊ वेगळे निघाले की लोक वाटणीची पातेली घेऊन येतात आणि जुनं नाव घासून नवं घाला म्हणतात. अप्पा पातेलं परत सरकवतात. “घातलेलं नाव मी पुसत न्हाई. घासाघाशी करायची आसल तर दुसरीकडं जावा.” गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर.

अप्पांनी लग्न केलं नाही. विचारलं तर “न्हाई जमलं” एवढंच सांगतात आणि भांडी पुसायला घेतात. घरात ते आणि त्यांची पुतणी गौरा. गौराचे आईवडील पेडगावला शेती करतात. पोरगी शाळेसाठी म्हणून लहानपणीच अप्पांकडे आली ती इथंच वाढली.

ती एवढीशी असताना एका जत्रेत अप्पांचा हात सुटला आणि ती हरवली. पोलीस चौकीत तिला विचारलं, “तू कुणाची गं?” ती म्हणाली, “अप्पाची.” झालं! “हरवलेल्या मुलीच्या अप्पांनी चौकीपाशी यावं” असा पुकारा झाला आणि जत्रेतले झाडून सगळे अप्पा धावत आले. आमच्याकडं अप्पांना काय तोटा? त्या गर्दीतून पुढं येईपर्यंत आमचे अप्पा रडकुंडीला आले होते. पोरगी ताब्यात मिळाल्यावर ते तिला घेऊन तडक गोंदणाऱ्यापुढं जाऊन बसले आणि तिच्या इवल्याशा हातावर गोंदवून घेतलं, ‘मन्मथप्पा, परभणी’. तेही उजव्या हातावर, कारण चांगली गोष्ट डाव्या हातावर कोण करतं?

तो उजवा हात पुढं नडला.

गौराला वर्दीचं वेड. केंद्राच्या सशस्त्र पोलीस दलाच्या भरतीसाठी ती पहाटे उठून मैदानावर पळायची. लेखी पास झाली, धावण्यात पास झाली. वैद्यकीय तपासणीत डोळे ठणठणीत, पाय सरळ, दात शाबूत. मग डॉक्टरांनी हात पालथा-उलथा करून पाहिला आणि ‘अपात्र’ लिहिलं. सलाम करायच्या हातावर गोंदण चालत नाही. तिनं फेरतपासणी मागितली. तिथंही तेच. आणि पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय निघून जाणार होतं.

अप्पा पेटले. “नाव म्हंजे काय रोग हाय का? खरूज हाय का?” हा प्रश्न त्यांनी मला विचारला, दूधवाल्याला विचारला, एसटीच्या कंडक्टरला विचारला. शेवटी हायकोर्टात दाद मागायची ठरली आणि मी त्यांच्यासोबत वकिलांकडे गेलो.

वकील शांत गृहस्थ होते. म्हणाले, “नियम आहे अप्पा. आपण कोर्टाला एवढंच म्हणू की मुलगी गोंदण काढायला तयार आहे, काढल्यावर तिला पुन्हा तपासा.”

“काढायचं कामून? नाव म्हंजे रोग न्हाई, ह्येच्यावर केस लढा.”

“अहो, मुलगी सलाम ठोकणार आणि समोरच्या साहेबाला भांड्याच्या दुकानाची पाटी दिसणार.”

“दिसू द्या की. गावाचं नाव बी हाय, हुडकायला सोपं.”

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अप्पा उठले. “घातलेलं नाव मी पुसत न्हाई,” म्हणाले, आणि आम्ही हात हलवत परत आलो. मला त्यांचा भयंकर राग आला होता. पोरीच्या नोकरीपेक्षा ह्यांना पाटी मोठी! मी गौराला म्हणालो, “तू तरी समजाव त्यांना.”

ती खाली बघत म्हणाली, “सर, त्येन्ला कोणत्या तोंडानं म्हणू, तुमचं नाव काढते म्हणून?”

दोन-चार दिवसांनी अप्पा सकाळीच माझ्या दारात उभे. ना नेहमीचा ‘शरणार्थ’ म्हणून नमस्कार, ना काही. “सर, पोरगी आरशापुढं सलाम करायलती. हाताला टावेल गुंडाळून.” जरा थांबून म्हणाले, “माजं नाव झाकून करायलती.” चहा आला, तो तसाच निवला. जाताना म्हणाले, “वकिलाला फोन लावा. काढतो म्हणावं.”

सुनावणीला मी हजर होतो. न्यायमूर्तींनी विचारलं, हातावर लिहिलंय काय? वकिलांनी वाचून दाखवलं. हे मन्मथप्पा कोण? मागच्या बाकावरून अप्पा उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “मी साहेब. हरवू नये म्हणून घातलतं.” वकिलांनी कपाळाला हात लावला, पण न्यायमूर्ती हसले. निकाल आमच्या बाजूनं लागला. गोंदण काढल्यावर नव्या डॉक्टरांच्या मंडळानं तिला तपासावं, तोवर तिची एक जागा राखून ठेवावी.

लेझरनं गोंदण काढायला बऱ्याच खेपा लागल्या. प्रत्येक खेपेला अप्पा सोबत गेले. आत जायचा धीर मात्र त्यांना झाला नाही, बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. मला म्हणाले, “त्ये मशीन बी कर्रर्रच करतंय सर. आपलं घालतंय आन् ह्ये काढायलंय.”

गौरा तपासणीत पास झाली. ट्रेनिंगला जाताना अप्पांनी तिला ताट, वाटी, मग असं सगळं दिलं. मी सवयीनं मग उलटून पाहिला. त्यावर नुसतं ‘गौरा’ होतं.

“अप्पा, तुमचं नाव?”

“आता ती कुणाची म्हून कोण इचारायलंय? तिचं तिचं नाव पुरं हाय.” बस हलली तेव्हा ती खिडकीतून हात हलवत होती. गोंदणाच्या जागी कातडीचा फिकट पट्टा तेवढा दिसत होता. अप्पा त्या हाताकडंच बघत होते.

परवा शिडी मागायला गेलो तर अप्पा एकटेच ओट्यावर चहा पीत होते. हातात जुना स्टीलचा ग्लास. मला पाहून त्यांनी तो जरा आड धरला, तेव्हा मला चेव आला.

“नाव हाय का त्येच्यावर?” मी विचारलं.

अप्पांनी नाइलाजानं ग्लास फिरवला. ‘मन्मथप्पा, परभणी’च्या खाली, वाकड्यातिकड्या अक्षरांत, कोरलेलं होतं: ‘गौराचे अप्पा’.

“जायच्या आदी दुकानात जाऊन गुपचूप करून ठिवलंय,” अप्पा म्हणाले. “मला चार दिवसांनी दिसलं. मशीन धरायची अक्कल न्हाई तिला. बगा की, निस्ते कोंबडीचे पाय!”

“मग टाका घासून,” मी थट्टेनं म्हणालो.

अप्पांनी त्या अक्षरांवर पंजा ठेवला.

“घातलेलं नाव मी पुसत न्हाई,” ते म्हणाले, आणि चहा संपला होता तरी ग्लास तसाच धरून बसले.