ग्रॅमचा उतार

माणसं जमवणं मुळीच अवघड नसतं, त्याला फक्त पद्धत लागते, असं ग्रॅमने नवऱ्याला ठणकावून सांगितलं तेव्हा तो शर्टाला इस्त्री करत होता. त्याने बाही उलटी केली आणि तिच्यावरून इस्त्री फिरवली. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं नाही, एवढं एक शास्त्र त्याला चांगलं अवगत झालं होतं.

ग्रॅम हे अर्थातच टोपणनाव. वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती अधिकारी होती. दुकानदारांचे काटे आणि औषध कंपन्यांचे नाजूक तराजू तिच्या टेबलावरून जायचे, आणि तिचा शिक्का बसला की त्यावर पुन्हा कुणी शंका घेत नसे. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये मैत्रिणींनी ठेवलेलं हे नाव तिला इतकं चपखल बसलं, की खरं नाव आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं.

तिला स्कीइंग करायचं होतं. बर्फाच्या उतारावरून आपल्या दोन पायांवर उभं राहून एकदा खाली यायचं, बस. ही हौस जुनी होती, पण गुडघ्याच्या डॉक्टरांनी तिला मुदत घालून दिली. "करायचं तर या हिवाळ्यात करून घ्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी विचारलंत तर मी नाही म्हणेन." अडचण एवढीच, की त्या डोंगरावरचा प्रशिक्षक नवशिक्यांना एकेकटं शिकवत नसे. किमान चौघं हवीत, असा त्याचा नियम. म्हणून हॉस्टेलच्या तीन मैत्रिणी जमवणं भाग होतं.

तिने फोनवर ग्रुप काढला आणि सुटसुटीत प्रश्न टाकला: कोणता आठवडा जमेल?

भूगोलने ढगाचा फोटो पाठवला. भूगोल म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारी मैत्रीण. तिच्या हाताखालून गेलेली मुलं मोठी झाल्यावरही नद्यांची नावं झोपेत सांगत, पण साध्या प्रश्नाला सरळ उत्तर तिने आजवर दिलेलं नव्हतं.

"छान ढग आहे," दाढने लिहिलं. ही दातांची डॉक्टर.

"ढग राहू द्या. बर्फात पडलं तर लागतं का?" हे सासूने विचारलं. सासूने लग्नच केलेलं नव्हतं. तिचा आता छापखाना होता, पण दुसऱ्याच्या कामातली चूक तिला पहिल्यापासून लांबून दिसायची, आणि तेवढ्या भांडवलावर ती हॉस्टेलमध्ये विसाव्या वर्षीच सासू झाली होती.

ग्रॅमने प्रश्न पुन्हा टाकला. दाढला पहिला आठवडा चालत होता, पण सासूला नव्हता. दुसरा सासूला चालत होता, तर त्यात दाढच्या नणंदेचं ऑपरेशन निघालं. तिसरा आठवडा सगळ्यांना जमला. त्या आनंदात ग्रॅमने हॉटेल घेतलं, गाडी ठरवली, प्रशिक्षकाला कळवलं आणि नवऱ्यासमोर जरा मान ताठ करून बसली. तेवढ्यात भूगोलचा निरोप आला: "अगं, तिसरा म्हणजे याच महिन्यातला का?"

नवऱ्याने वर्तमानपत्र थोडं वर उचललं. त्यामागे तो हसत होता की नाही, हे ग्रॅमने तपासलं नाही.

शेवटी चौथा आठवडा ठरला. मग तिकडच्या भाड्याच्या दुकानाने प्रत्येकीचं वजन विचारलं. त्याला कारण होतं. स्कीच्या पट्टीवर बूट धरून ठेवणारी एक पकड असते. माणूस पडला की ती आपोआप सुटली पाहिजे, नाहीतर पाय मुरगळतो. पण उभ्या माणसाची ती सुटून चालत नाही. तिची स्प्रिंग किती आवळायची, हे वजनावरून ठरतं.

तिघींनी आपापली वजनं कळवली. ग्रॅमने ते आकडे वाचले आणि मंद हसली. तिचं उभं आयुष्य काट्यांत गेलं होतं. प्रत्येक काट्याची चूक ठरलेल्या दिशेला असते, आणि चूक कळली की ती दुरुस्त करता येते. बायका वजन कमी सांगतात, ही तर सरळ दिशा झाली. तिने तिघींच्या आकड्यांत सारखीच भर घातली, कुणाला काही न सांगता ते दुकानाला कळवलं, आणि आपल्या शास्त्रीय वृत्तीवर खूश होऊन झोपी गेली.

स्वतःचं वजन मात्र तिने ग्रॅमपर्यंत अचूक दिलं.

डोंगरावर पोचल्यावर पहिला तास फार देखणा झाला. ऊन होतं, बर्फ चकाकत होता, आणि भाड्याच्या फुगीर कोटांत चौघीही हवा भरलेल्या उशांसारख्या दिसत होत्या. प्रशिक्षक तिशीचा, उत्साही.

"या काकू, रांगेत उभ्या राहा," तो म्हणाला.

"काकू कोणाला म्हणतोस रे?" सासूने विचारलं.

"सॉरी मॅडम."

"मॅडमही नको. बँकेत आल्यासारखं वाटतं."

त्याने पुढे दिवसभर तिला काहीच म्हटलं नाही.

मग भूगोलने पहिलं पाऊल टाकलं. पाऊल पुढे गेलं, पट्टी मागेच राहिली. प्रशिक्षकाने ती पुन्हा बसवली. भूगोल जरा खोकली, तर दुसरी सुटली आणि एकटीच उतारावरून डौलात खाली गेली. "माझ्यापेक्षा तिला चांगलं येतंय," भूगोल म्हणाली, आणि बुटांवर बदकासारखी चालत तिला आणायला गेली. असं ती किती वेळा गेली याची मोजदाद ग्रॅमने सोडून दिली. पण दर वेळी वर येताना भूगोलजवळ नवीन बातमी असायची. खालच्या बाकावरच्या आजी निवृत्त पायलट आहेत. त्या निळ्या टोपीवाल्याचं काल लग्न ठरलं. घसरत जाणारी पट्टी आणायला गेलेलं माणूस ओळखी करून परत येतं, हे ग्रॅमला कोणत्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता, आला मात्र हेवा.

दाढची तऱ्हा उलटी. ती हळूच एका कुशीवर पडली आणि तिच्या पट्ट्या काही केल्या सुटेनात. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला. प्रशिक्षक आणि सासू तिला ओढत होते आणि ती बर्फातून शांतपणे सूचना देत होती. "हिसका नको. हळूहळू हलवा. मुळापासून सैल होऊ द्या." जन्मभर दुसऱ्यांच्या दाढा काढलेल्या बाईचा स्वतःच रुतून बसल्यावरही धीर सुटला नव्हता.

प्रशिक्षकाने पकडी पाहिल्या आणि कपाळावर आठ्या घातल्या. "वजनं कोणी कळवली?"

ग्रॅमने सगळं सांगितलं.

"म्हणजे तू माझ्यात भर घातलीस?" दाढ म्हणाली. "अगं, मी खरं सांगितलं होतं. तुला खोटं सांगायची माझी हिंमत आहे का?"

"आणि मी," भूगोल म्हणाली, "तू भर घालशील हे धरूनच कमी सांगितलं. जरा जास्तच कमी झालं वाटतं."

"सासू, तुझं?"

"मी गेल्या वर्षीचं दिलं," सासू म्हणाली. "जुना माल."

खरी वजनं घेऊन पकडी पुन्हा बसवल्याशिवाय शिकवणं होणार नाही, असं प्रशिक्षकाने सांगितलं. वर नेणारा पाळणा दुपारी बंद व्हायचा होता. ग्रॅम डोंगराकडे बघत राहिली. तिचा उतार पांढराशुभ्र, मोकळा पडला होता आणि तिच्याच शहाणपणापायी हातचा जात होता.

भाड्याच्या दुकानात ही गर्दी. काटा दाराशीच, सगळ्यांच्या नजरेसमोर. गोल तबकडीचा, सुईचा. डॉक्टरलाही आकडा दाखवायला कां कूं करणाऱ्या या बायका क्षणभर थबकल्या. मग भूगोलने कोट काढला, बूट काढले आणि काट्यावर चढून आकडा वर्गात वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचला. निळ्या टोपीवाल्याने टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ सासू चढली, मग दाढ. या तिघींना बर्फाचं काडीचंही वेड नव्हतं. त्या तिच्यासाठी तिथे उभ्या होत्या, पायमोज्यांवर, भर बाजारात.

शिवाय तिघींचेही आकडे अपेक्षेपेक्षा कमी निघाले होते. भूगोलने दुकानदाराला मिठी मारायचीच बाकी ठेवली.

आणि तेवढ्यात ग्रॅमची नजर रिकाम्या काट्याच्या सुईवर गेली. सुई शून्याच्या बरीच अलीकडे उभी होती.

"ग्रॅम," सासू हळूच म्हणाली, "काही बोलू नकोस."

"मी कुठे काय बोलले?"

"तुझं नाक बोललं."

ग्रॅमने डोळे मिटून घेतले. वेळ चालला होता, मैत्रिणी कधी नव्हे त्या हलक्या झाल्या होत्या, आणि गप्प बसलं की काम भागत होतं. पण चुकीच्या आकड्यावर आवळलेली पकड तिने कशी चालू द्यावी? ती गुडघ्यांवर बसली, काट्याखालचा स्क्रू शोधला आणि सुई शून्यावर आणली.

तिघी मुकाट्याने पुन्हा चढल्या. या वेळी आकडे कोणी वाचले नाहीत.

"आता तू," सासू म्हणाली.

"माझं मला माहीत आहे."

"चढ."

ग्रॅम चढली. सुई तिच्या माहितीतल्या आकड्यावरून सरळ पुढे गेली आणि चांगली लांब जाऊन थांबली. घरचा काटा तिने कधीच तपासला नव्हता. ऑफिसचं काम घरी आणायचं नाही, असा तिचा नियम होता.

तिघी तिला एक अक्षर बोलल्या नाहीत. तेवढं मोठेपण फक्त जुन्या मैत्रिणींत असतं. अर्थात खांदे हलायचे ते हललेच.

पकडी पुन्हा बसवून बाहेर येईपर्यंत पाळणा थांबायची वेळ झाली. "एकच फेरी होईल," प्रशिक्षक म्हणाला, "आणि एकालाच नेता येईल. पण माझा नियम चौघांचा आहे."

"चौघीच आहोत की," भूगोल म्हणाली. "एक वर, तिघी खाली. चौघींनी एकाच उंचीवर असावं असं तुम्ही म्हणाला नव्हतात." प्रशिक्षकाने बोटांवर चौघी मोजून पाहिल्या आणि तिच्या वर्गातल्या मुलासारखा निमूट पाळण्याकडे निघाला.

ग्रॅम वर गेली. दाढने फोन काढला. "मी सगळं टिपते," ती म्हणाली. "तुला पुरावा लागतो."

आणि ग्रॅम खाली आली. दोन पायांवर, गुडघे वाकवून, पट्ट्यांची टोकं जुळवून, एकदाही न पडता. मध्ये एकदा ती चक्क वळली. शेवटी थांबायचं कसं ते आठवेना, तेव्हा ती निवृत्त पायलट आजींच्या बाकाशेजारच्या बर्फाच्या ढिगात शिरून थांबली. आजी म्हणाल्या, "उतरणं उत्तम. धावपट्टी थोडी कमी पडली."

घरी आल्यावर ग्रॅमने नवऱ्याला शेजारी बसवलं आणि दाढने पाठवलेला व्हिडिओ लावला. फोनचा कॅमेरा उलट्या बाजूचा चालू राहिला होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पडद्यावर फक्त दाढचा चेहरा होता. दिवसभर मास्कमागे राहून तो चेहरा आवरायची सवय तिला कधी लागलीच नव्हती.

नवऱ्याने चष्मा पुसला. "यात तू कुठे आहेस?"

"थांब जरा," ग्रॅम म्हणाली. "हे बघ, तिच्या भुवया वर गेल्या. इथे मी निघाले."

"बरं."

"आता तोंडाचा आ झाला ना? तिथे मी वळले."

दाढ पडद्यावर पुटपुटत होती, आली गं, आली, आली बाई आमची. तिचे डोळे पाण्याने भरले होते. नवरा पुढे वाकून बघू लागला.

"आणि हे?" त्याने विचारलं. "इथे तर तिने डोळेच मिटून घेतले."

"तो ढीग," ग्रॅम म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून लाव."