तेल्हाऱ्यातली गुडघेदुखी

तेल्हाऱ्याच्या महिला आरोग्य शिबिरात स्त्रीच्या शरीराची आकृती लावायची होती. ती सभ्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी पाच पुरुषांची समिती नेमण्यात आली. समितीने आकृती दोन तास बारकाईने पाहिली आणि ती असभ्य ठरवली. मग कमरेपासून गुडघ्यांपर्यंत पांढरा कागद डकवून ती भिंतीवर लावण्यात आली.

रांगेत भाजीवाल्या पार्बताबाई होत्या. तिसऱ्या बाळंतपणात त्यांचं काहीतरी बिघडलं होतं आणि वय वाढलं तसा शौचाचा आवर राहिना. एसटीत बसायची धास्ती, म्हणून बारा वर्षांत त्या अमरावतीला लेकीकडे गेल्या नव्हत्या. घरात नाव मात्र गुडघ्यांचं. बिचारे गुडघे ठणठणीत होते. पण महिन्याने नातीचं, आचलचं लग्न होतं आणि काही झालं तरी त्यांना जायचं होतं.

नोंदणीला माइक घेऊन समितीचे अध्यक्ष खुशालराव बसले होते. "काय तरास आहे, बाई? मोठ्यानं सांगा, मंग नोंद होते."

पार्बताबाईंनी मागची रांग पाहिली. "गुडघे."

"मले बी गुडघेच," मागची शकुन म्हणाली.

आत डॉक्टर मंजुषांच्या कानाशी मात्र पार्बताबाई खरं बोलल्या. डॉक्टर म्हणाल्या, "शौचाच्या वाटेभोवती दोन गोल स्नायू असतात. आतला आपोआप आवळलेला राहतो, बाहेरचा आपण आवळतो. तो बाळंतपणात कधी कधी फाटतो, पिशवीची दोरी तुटावी तसा. याला व्यायाम आहे, शस्त्रक्रियाही आहे. थांबा, दाखवते." त्यांनी आकृतीवरच्या कागदाला हात घातला.

खुशालराव माइक घेऊनच धावत आत आले. "मॅडम, ठराव झाला आहे. कागद काढाले सभा लागते."

"मग अकोल्याच्या दवाखान्याची चिठ्ठी देते."

"नोंद गुडघ्याची आहे. चिठ्ठी दुसऱ्या अवयवाची कशी देता? नोंद बदलायची तं बाईनं माइकवर सांगावं."

त्यांनी माइक पार्बताबाईंपुढे धरला. रांगेतल्या दीडशे बाया दारातून बघत होत्या. पार्बताबाईंना आचल आठवली, तरी त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"गुडघेच," त्या म्हणाल्या.

त्यांना गुडघ्याचे दोन पट्टे मिळाले. तालुक्यात फक्त गुडघ्यांची साथ असल्याचा अहवाल वर गेला आणि समितीचा सत्कार झाला.

लग्नात कोणीतरी विचारलं, "आजी काहून नाही आली?"

"गुडघे," लेक म्हणाली. सगळ्यांनी मान डोलावली आणि पंगत बसली.

मागच्या लग्नाला तुमच्याही घरची एक बाई आली नव्हती. तिला काय होतंय, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही.