मेंढपाळ कुटुंबाचा अभ्यास आणि अर्धा किलो पेढे

मुलाखत घेण्यात माझा हात धरणारं आमच्या कॉलेजात कोणी नाही, हे मी वर्गात स्वतःच जाहीर केलं होतं! मी लिबरल आर्ट्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे सकाळी तत्त्वज्ञान, दुपारी संख्याशास्त्र आणि शनिवारी नाच. "हे शिकून माणूस नेमका होतो काय?" असं बाबा रोज विचारतात. या वेळी त्यांनी निर्वाणीचंच सांगितलं. समाजशास्त्राच्या प्रकल्पात चाळीसपैकी तीसच्या वर मार्क आले नाहीत, तर संस्कृतीबाई थेट फार्मसीला!

प्रकल्प होता मेंढपाळ कुटुंबाचा. माझे आजोबा मेंढ्या राखायचे, त्यामुळे विषय घरचाच. सरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. रिकाम्या हाताने जायचं नाही आणि आधी ओळख जोडायची. मी अर्धा किलो पेढे घेतले आणि दौलताबादच्या पुढे एका वस्तीवर केसरबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आम्हीपण मेंढरंवालेच, मावशी. घरची थोडी माहिती घ्यायची होती." मी पेढे पुढे केले.

कॉलेजचं सांगणार, तोच त्यांनी माझं आडनाव विचारलं, मामाचं गाव विचारलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मी प्रश्नावली उघडली.

"मेंढरं किती?"

"साठ."

"जमीन?"

"दोन एकर. पाणी हाय."

"घरात लग्नाचं कोणी?"

केसरबाईंनी नवऱ्याकडं, म्हणजे कडुबाकाकांकडं पाहिलं. "येकच हाय, शिवम. येसन कसलंच नाय!"

व्यसनाचा प्रश्न पुढे होताच. मी खूण करून टाकली.

पाच मिनिटांत शिवम पांढरा शर्ट घालून, मान खाली घालून पोहे घेऊन आला. अंगणात कडुबाकाका फोनवर सांगत होते, "व्हय, पोरगी सोताच आलीय पोराला बघाया. पेढे घिऊन! काळ लई बदलला."

हातातला घास मी ताटलीत परत ठेवला! खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण अजून अकरा प्रश्न राहिले होते आणि डोळ्यांपुढं फार्मसी दिसत होती. मी निर्लज्जपणे पुढचा प्रश्न वाचला. "घरातले निर्णय कोण घेतं?"

"आई," शिवम पुटपुटला.

सगळे प्रश्न संपल्यावर मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर शिवमनंच विचारलं, "तुमी काय शिकता?"

मी सगळं सांगितलं. नाचसुद्धा.

"म्हंजी शेवटी होता काय?"

"ते... अजून ठरायचंय."

तिघं आत गेले. बराच वेळ कुजबुज चालली. मग केसरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"पोरी, तू लई गुणाची हायेस. पण पोरगं नको म्हणतंय. त्याला येका लायनीत शिकलेली पायजे."

उरलेले पेढे त्यांनी माझ्या पिशवीत परत घातले. आता काय सांगणार? नकार आल्यावर 'मी बघायला आलेच नव्हते' असं सगळेच म्हणतात! हायसं वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू, अपमानच वाटला.

चाळीसपैकी अडतीस मिळाले. बाबांना मार्क सांगितले, नकाराचं नाही सांगितलं. ते शिवमच्याच बाजूनं उभे राहिले असते!