कलम चौदा आणि सासूबाईंचा मुक्काम

अपडेटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. स्वयंपाकघरातला नळ गळू लागला किंवा पंखा कुरकुरू लागला की हे गृहस्थ "पुढच्या अपडेटमध्ये बघतो" म्हणत आणि लॅपटॉपमध्ये डोकं खुपसत, म्हणून बायकोने ठेवलेलं ते नाव. दिवसा ऑफिसात मोबाइलची ॲप्स बनवायची आणि घरी आल्यावर दिवसा बनवलेली का चालत नाहीत ते बघायचं, एवढाच त्यांचा दिनक्रम.

अशा घरात सासूबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून राहायला आल्या. सहजासहजी आल्या नव्हत्या. "मुलीच्या घरी मुक्काम ठोकून कुणाला अडचण करायची नाही," या एका वाक्यावर त्या दोन वर्षं अडून बसल्या होत्या. बायकोने विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, शेवटी रडूनही पाहिलं, तेव्हा कुठे त्या बॅग घेऊन उंबऱ्याच्या आत आल्या. त्यांना दिवसातून पाच वेळा गोळ्या होत्या. बायको म्हणाली, फ्रिजवर एक कागद चिकटव, वेळा लिहून.

"कागद वाजत नाही," अपडेटराव म्हणाले. ॲप बनवायचं ठरलं ते असं.

पुढचे आठ दिवस घरात गोळ्यांपेक्षा ॲपचंच पथ्य जास्त पाळलं गेलं. अपडेटरावांच्या फोनवर गोळीची आठवण ठणठणीत वाजे. बायकोच्या फोनवर बटणच स्क्रीनच्या खाली कुठेतरी गडप होई. आणि सासूबाईंचा जुना फोन बॅटरी वाचवण्यात इतका काटेकोर, की पाच मिनिटं कुणी हात लावला नाही तर सगळ्या ॲप्सना झोपवून स्वतःही झोपी जाई. "पण माझ्या फोनवर तर चालतंय," असं अपडेटराव रोज कळवळून सांगत. मग आईला तुझाच फोन देऊन टाक, असं बायकोने सुचवलं. (यावर त्यांच्या क्षेत्रात अजून तरी उत्तर सापडलेलं नाही.)

कसंबसं सगळं जमलं, तर ॲप स्टोअरने परत पाठवलं. कारण काय, तर नियम व अटी जोडलेल्या नाहीत. आता गोळी गिळायच्या कसल्या अटी? पण अपडेटराव मुरलेले. ऑफिसात पूर्वी केलेल्या एका हॉटेलच्या ॲपमधली एकेचाळीस कलमं त्यांनी जशीच्या तशी उचलली. गोळ्यांच्या ॲपमध्ये 'हॉटेल' हा शब्द बरा दिसेना, म्हणून एका झटक्यात सगळीकडे 'हॉटेल'च्या जागी 'घर' घातलं आणि ॲप चढवून मोकळे झाले. शुक्रवारी संध्याकाळी ते सासूबाईंच्या फोनवर आलं.

"खाली निळं बटण आहे, 'मान्य आहे' म्हणून. तेवढं दाबा, आई."

"वाचून दाबते," सासूबाई म्हणाल्या.

अपडेटरावांना हसू आलं. इथेच ते चुकले. सासूबाईंनी एका वकिलाच्या ऑफिसात तीस वर्षं करारनामे टाइप केले होते. ती बाई साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरही दोन्ही बाजूंनी वाचून मगच हात धुवायची.

शनिवारी सकाळी बायको बाजारात गेली होती. अकराला दोन मिनिटं असताना अपडेटराव गॅलरीतून आत आले, तर सासूबाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बॅग पायाशी घेऊन बसलेल्या. त्यांच्या खोलीत पलंगावरची चादर ताणून घातलेली. टॉवेल घड्या करून एकावर एक रचलेले. गुडघ्याखाली घ्यायची जास्तीची उशी कपाटाबाहेर, पावती मागितल्यासारखी वेगळी ठेवलेली.

"आई, कुठे निघालात?"

"नियमाप्रमाणे निघाले, जावईबापू. टॅक्सी बोलावलीय." त्यांनी वही उघडली. पेन्सिलीने कलमं उतरवून घेतली होती, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा. "कलम चौदा. मुक्काम संपताच पाहुण्याने सकाळी अकरापर्यंत घरची खोली रिकामी करावी, व्यवस्थापनास आठवण करून देण्याची वेळ आणू नये. हे छान लिहिलंत. तोंडावर सांगण्यापेक्षा बरं. कलम सतरा, जास्तीच्या उशीसाठी घरच्या व्यवस्थापनाची पूर्वपरवानगी. ती मी घेतली नव्हती, माझं चुकलं. कलम बावीस, घरचे टॉवेल सोबत नेऊ नयेत. मोजून घ्या."

आवाज अगदी शांत होता. दोन वर्षांच्या विनवण्यांनी घरात आलेल्या सासूबाई दोन मिनिटांत निघून जाणार होत्या, तेही टाके घातलेला गुडघा घेऊन, आणि पुन्हा कधीच येणार नव्हत्या. बायकोला काय सांगायचं?

तेवढ्यात सासूबाईंचा फोन खणखणला. अकरा वाजले होते. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं: 'वेळ झाली आहे.'

"बघा, आठवण करून द्यायची वेळ आणलीच मी," म्हणत त्या काठीवर भार देऊन उठल्या.

(अशाही प्रसंगी अपडेटरावांच्या मनात पहिला विचार आला, की वाजलं. गोळीचं ॲप त्या फोनवर वाजलं. त्यांचे डोळे भरून आले.)

मग मात्र ते दारात आडवे उभे राहिले आणि सगळं कबूल केलं. हॉटेल, एकेचाळीस कलमं, एका झटक्यात बदललेला शब्द. ऐकता ऐकता सासूबाई हळूहळू पुन्हा खुर्चीत बसल्या.

"म्हणजे तुम्ही हे वाचलंच नव्हतं?"

"नाही."

"आणि माझ्याकडून मान्य करून घेतलंत?"

"आई, ते कुणीच वाचत नाही हो."

"मी वाचलं."

अपडेटरावांनी लॅपटॉप उघडला. नियमांचं पान किती वेळ उघडं होतं, याची नोंद ॲप ठेवत असे. दोन तास चाळीस मिनिटं. पंधरा वर्षांत त्यांनी लाखो लोकांपुढे असली पानं ठेवली होती, आणि माणूस त्यावर सरासरी दोन सेकंद थांबतो, त्यातही एक सेकंद बटण शोधण्यात जातो, हे त्यांना पाठ होतं. एकेचाळीसच्या एकेचाळीस कलमं वाचणारा माणूस जगात असतो, हे ते प्रथमच पाहत होते. आणि तो माणूस आपल्याच घरात पाच वेळा गोळ्या घेत होता. काही न सुचून त्यांनी वाकून सासूबाईंच्या पायांना हात लावला, आणि तो नेमका ऑपरेशनच्या गुडघ्याला लागला.

बायको आली तेव्हा खाली टॅक्सी आणि वर आई कण्हत असलेली. तिने वही वाचली. घरचं व्यवस्थापन म्हणजे नेमकं कोण, एवढंच विचारलं आणि टॅक्सी परत पाठवली.

सासूबाई एका अटीवर राहायला तयार झाल्या. नियम त्या स्वतः लिहिणार. दुपारभर त्या सांगत होत्या आणि मुलगी टाइप करत होती. अपडेटरावांना त्या खोलीत यायला मनाई होती. संध्याकाळी त्यांनी ती फाइल ॲपला जोडून अपडेट सोडलं, आणि काय आश्चर्य, तिन्ही फोनवर ते एकदम आलं. बटण जागच्या जागी, कुठे अडकलं नाही, कुठे बंद पडलं नाही. असा योग त्यांच्या कारकिर्दीत आलेला नव्हता. ते थक्क होऊन स्क्रीनकडे बघत राहिले आणि अंगठ्याने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सासूबाई काठी घेऊन त्यांच्या उशाशी उभ्या होत्या.

"चला, जावईबापू. कलम अकरा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. रोज एक तास, व्यवस्थापनासोबत."

"हे कुणी मान्य केलं?"

"तुम्ही. काल संध्याकाळी. दोन सेकंदांत."

एक बूट पायात, एक हातात, अशा अवस्थेत जिन्यात बसून अपडेटरावांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम व अटी उघडल्या. कलम एक असं होतं: 'हे नियम जावई वाचणार नाहीत, याची पाहुण्यांना पूर्ण कल्पना आहे.'