खंडेनवमीचा प्रिंटर

वाचकहो, स्वतःच्या आळसाला देवाचे नाव दिले, तर तो आळस पुण्यात जमा होतो काय?

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधील निवृत्त हेडक्लार्क सुभाषराव यांची तशी समजूत होती. पुण्यात संगणकाची नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने, अभिनवने, खंडेनवमीच्या सकाळी फोनवर बजावले होते की छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला आहे. त्या वाटेने परका माणूस आपल्या यंत्राला हुकूम सोडू शकतो. तो दोष बुजवणारी सुधारित पॅकेजेस आली आहेत. घरच्या संगणकावर एक ओळ टाइप करायची आणि दहा मिनिटे थांबायचे.

सुभाषरावांनी नुकताच प्रिंटरला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला होता. आज यंत्राला हात लावायचा नसतो, असे त्यांनी गंभीरपणे जाहीर केले. मग मिक्सरवरची चटणी कशी चालली, असे त्यांच्या पत्नी गिरिजाबाईंनी विचारले. (चटणी मात्र दोनदा घेतली गेली.) संध्याकाळी अभिनवने पुन्हा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "झालं रे सगळं." आळसाच्या पाठोपाठ असत्य आले. ते नेहमी येतेच.

दसऱ्याला पाच वाजता गिरिजाबाई सोसायटीत प्रथमच देवीस्तोत्राचे पठण घेणार होत्या. आवाजासाठी त्यांनी आठ दिवस ताक वर्ज्य केले होते. एकवीस बायकांसाठी एकवीस प्रती छापायच्या होत्या.

त्या दिवशी दुपारी बाराला, कोणी हात न लावता, प्रिंटर हारासकट सुरू झाला. काळ्याकुट्ट ठिपक्यांची पाने एकामागून एक बाहेर पडू लागली. प्रसाद घेऊन आलेल्या शेजारच्या विमलाबाईंनी चपला काढल्या.

"देवी बोलतेय हो," असे म्हणून त्यांनी पहिल्या पानाला कुंकू लावले.

सुभाषरावांना खरे कारण ठाऊक होते. पण कबुलीपेक्षा चमत्कार सोपा वाटला. त्यांनीही हात जोडले.

गिरिजाबाईंनी मात्र अभिनवला फोन लावून स्पीकर चालू केला.

"आधी प्रिंटरचं बटण बंद करा. कोणीतरी बाहेरून पानं सोडतोय. बाबा, काल अपडेट खरंच केलंत ना?"

सुभाषराव झेंडूकडे पाहत राहिले.

"अहो, तो तुम्हाला विचारतोय," गिरिजाबाई म्हणाल्या. "देवीला नाही."

कबुली झाली, ओळ टाइप झाली, दहा मिनिटांत दोष बुजला. शाई मात्र संपली होती आणि सणामुळे दुकाने बंद. गिरिजाबाई नुसत्या खुर्चीवर बसल्या. ते पाहून सुभाषरावांनी निमूटपणे पेन उचलले आणि पाच वाजेपर्यंत वळणदार अक्षरात एकवीस प्रती उतरवल्या. पठण उत्तम झाले.

बायकांना ते अक्षर फारच भावले. आता दर पौर्णिमेला नवे स्तोत्र असते आणि प्रती हस्तलिखितच लागतात. नवी शाई आणली आहे, हे सुभाषरावांनी दोनदा सांगून पाहिले. गेल्या पौर्णिमेला एकतीस बायका आल्या होत्या.